रूबेनचा रंग

"हा माझा रूबेन नाही," डोन्या एल्विरा म्हणाल्या आणि चौकटीसकट फोटो काउंटरवर आपटला. "ह्याचा रंग परत द्या."

ओफेलियाने फोटो पाहिला आणि तिचं डोकं फिरलं. वर्दीतला पोरगा, गाल दुधासारखे पांढरे. खाली कोपऱ्यात वडिलांच्या स्टुडिओचा शिक्का. सगळ्या पूर्व लॉस एंजेलिसमध्ये घरोघरी भिंतीवर अशीच तोंडं होती. नवरा गोरा, नवरी गोरी, पंधराव्या वाढदिवसाच्या झग्यातली पोर गोरी, आणि फोटोखाली सोफ्यावर बसलेलं सगळं खानदान विटेच्या रंगाचं.

ही करामत फर्मिन मास्तरांच्या शिसपेन्सिलीची. ओफेलियाचे वडील तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत आले होते. निगेटिव्हवर जिथे शिसं चढतं तिथे कागदावर चेहरा उजळतो. गिऱ्हाइकाने 'जरा उजळ करा' म्हणायचा अवकाश, मास्तर चष्मा नाकावर चढवत. ओफेलिया मोर्चांचे फोटो काढायची, वस्तीच्या चार पानी पेपरात छापायची. आम्ही चिकानो आहोत, मेक्सिकन रक्ताचे, आमचा रंग आमचा आहे, हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता. घरात मात्र पालथ्या घड्यावर पाणी. "विकले गेलात तुम्ही, पापा," असं ती आठवड्यातून एकदा तरी म्हणे. मास्तर उत्तरादाखल पेन्सिलीला टोक काढत.

आत्ता ती खुर्ची रिकामी होती. मास्तर बेकरीत गोड पाव आणायला गेले होते, आणि तिथे गेले की तासाची निश्चिंती.

"शनिवारी युद्धाविरुद्धचा मोर्चा आहे ना," डोन्या एल्विरा सांगू लागल्या. "ज्यांची पोरं व्हिएतनाममध्ये मारली गेली त्या आम्ही आया पुढे चालणार, फोटो हातात धरून. हा धरला तर लोक काय म्हणतील? म्हातारी कुणा गोऱ्याच्या पोरासाठी ऊर बडवतेय!"

"दुसरा फोटो नाही का घरात?"

"बाप्तिस्म्याचा आहे. तोही तुझ्या वडिलांनीच काढलाय."

ओफेलियाला हसावं की रडावं कळेना. तिने कपाटातून रूबेनची निगेटिव्ह शोधून काढली आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसाने हळूहळू पुसायला घेतली. शिसं निघालं. तिला वाटलं, जमलं. पण मास्तरांचं काम कच्चं थोडंच असणार! पेन्सिलीखाली त्यांनी गालांवर लाल रंग भरला होता आणि तो निगेटिव्हमध्ये पार मुरला होता. त्यानेही चेहरा उजळतोच. तिने घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. शेवटी जो फोटो छापून आला त्यात कपाळ सावळं होतं, गाल पांढरे, आणि हनुवटीवर कोड उठल्यासारखे डाग.

डोन्या एल्विरांनी तो ओला कागद बराच वेळ पाहिला.

"राहू दे, पोरी," त्या म्हणाल्या. "चूक माझीच. मास्तर म्हणाले होते, 'पोरगा आहे तसाच देखणा आहे.' मीच हट्ट धरला. वर्दीत गोरा शोभतो, असं वाटलं मला."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि मास्तर कागदी पिशवी सांभाळत आत आले. ओफेलियाने त्यांना बसूही दिलं नाही.

"बघा तुमची कारागिरी! ह्यांचा पोरगा दोनदा गेला, पापा. एकदा तिकडे, आणि एकदा तुमच्या ह्या टेबलावर!"

मास्तरांनी डागाळलेला फोटो पाहिला. मग लेकीकडे न बघता ते म्हाताऱ्या बाईंकडे वळले.

"काय मागितलंत तुम्ही, डोन्या एल्विरा? पुन्हा सांगा."

"त्याचा रंग," त्या चाचरत म्हणाल्या. "होता तसा."

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. मागच्या खोलीत जाऊन, मोरीच्या वरच्या फळीवरून त्यांनी बुटांचं एक खोकं काढलं. फळीवर तशी आणखी दहा-बारा खोकी होती. आत लिफाफेच लिफाफे, प्रत्येकावर नाव आणि साल. एका लिफाफ्यातून त्यांनी निगेटिव्ह काढली, दिव्यासमोर धरली आणि ओफेलियाच्या हातात दिली. तिच्यावर पेन्सिलीचं एक टिंबही नव्हतं.

ओफेलियाने छापली. पाण्यात कागदावर रूबेन हळूहळू वर आला. काळासावळा, कान बाहेर आलेले, गालांवर मुरमांचे खड्डे, भुवईत लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण. डोन्या एल्विरांनी ओल्या कागदावरच त्या भुवईवर बोट ठेवलं आणि त्या ढसाढसा रडू लागल्या.

ओफेलियाने फळीवरची खोकी एकामागून एक उघडली. सगळी वस्ती तिथे होती. आपापल्या रंगात.

"प्रत्येकाची?" तिने विचारलं.

"एक त्यांना हवी तशी, एक आहे तशी. पहिल्या दिवसापासून."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"तू भांडायला यायचीस, विचारायला नाही."

"पण ह्यांना तरी! लोकांना तरी सांगायचं होतं!" तिचा आवाज चढला आणि तिथेच फाटला. "तीस वर्षं फळीवर ठेवून काय केलंत तुम्ही?"

मास्तरांनी लिफाफ्यावरची धूळ बाहीने पुसली.

"वाट पाहिली, पोरी. मागायला आलेल्या ह्या पहिल्याच."