दोन बोटं खाली

“सीट आपोआप खाली येते,” नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी बॅटरीवरची सायकल मिस्त्रीच्या पुढ्यात उभी केली. “संध्याकाळी वर करून ठेवते, सकाळी बघावं तर दोन बोटं खाली. घाईत तशीच निघते. गुडघ्यांची पार वाट लागलीय.”

सोबत आलेला नवरा घंट्यांच्या खोक्यात काहीतरी शोधू लागला.

बाईंचं काम घरोघर जाऊन पट्ट्या बदलायचं, इंजेक्शनं द्यायचं. वीस घरं, त्यातली निम्मी चढावर. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कालच सांगितलं होतं, गुडघे झेपत नसतील तर सोमवारपासून नोंदणीच्या खिडकीत बसा. खिडकीत बसून लोकांची नावं लिहायची या कल्पनेनेच बाईंच्या अंगावर काटा आला होता.

मिस्त्रीने सीट आवळणारी खिटी उघडली, सीटचा दांडा बाहेर ओढला, चिंधीने पुसला आणि उजेडात धरून फिरवून पाहिला. मग परत बसवून खिटी आवळली आणि आपला खात्यापित्या घरचा देह सीटवर रेलला. सीट जागची हलली नाही.

“दांडा घसरला असता तर ओरखडे पडले असते. इथे एक नाही. ताई, ही सीट घसरत नाही. कुणीतरी खिटी उघडतं, खाली करतं, पुन्हा नीट बंदही करतं. माणूस टापटिपीचा आहे.”

नवऱ्याच्या हातातली घंटी वाजली.

बाई वळल्या. रोज सकाळी सायकल पुसायची, हवा बघायची, बॅटरी लावायची, ही सगळी कामं कोण करतं हे त्यांना आठवायची गरज नव्हती.

“अहो!”

“दोन्ही पाय टेकायला हवेत,” तो घंटीकडे बघत म्हणाला. “मागच्या महिन्यात सिग्नलला पडलीस. पाय पोचला असता तर पडली असतीस?”

“तीन आठवडे मी माझ्या वयाला शिव्या घालतेय. गोळ्या खातेय.”

“सांगणारच होतो. पण काल खिडकीचं ऐकलं आणि वाटलं, तिथे बसलीस तर निदान धड घरी येशील.”

बाईंना राग आला. असा आला की पिशवीतली सुई काढून टोचावीशी वाटली.

“बसा ताई,” मिस्त्री मध्ये पडला. नवराबायकोच्या भांडणात पडू नये हे त्याला कळत होतं, पण सायकल त्याच्या दुकानात होती. त्याने सीट चांगली वर घेतली. “टाच पॅडलवर ठेवा. पॅडल तळाला. पाय सरळ झाला? मग हीच तुमची उंची. आणि थांबताना सीटवर बसून पाय टेकायचा नाही. पुढे उतरायचं, मग टेकायचा.”

बाई दुकानाशेजारचा चढ चढून गेल्या. गुडघा कुरकुरला नाही. परत येऊन त्यांनी ब्रेक दाबला, सीटवरून पुढे सरकल्या आणि दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकून उभ्या राहिल्या. त्यांना सावरायला पुढे आलेले नवऱ्याचे हात तसेच हवेत राहिले.

“पडले तर उचलायला या,” बाई म्हणाल्या. “पण आधी चालवू तर द्या. मिस्त्री, ही खिटी काढून टाका. बोल्ट घाला.”

मिस्त्रीने बोल्ट घातला, दांड्यावर कानशीने बारीक खूण केली आणि पाना उचलला.

“यांच्याकडे द्या,” बाई म्हणाल्या. “घरी सायकलीचं सगळं तेच बघतात.”

नवरा उकिडवा बसला. बाईंनी खुणेवर बोट ठेवलं. त्याने बोल्ट आवळला.

“बास, साहेब.”

त्याने आणखी अर्धा फेरा दिला. उठला, दोन्ही हात सीटवर ठेवले आणि होतं नव्हतं तेवढं वजन टाकलं. सीट खुणेवरून तसूभरही हलली नाही.

बाईंनी हात पुढे केला.

“आता नाही घसरायची,” तो म्हणाला आणि त्याने पाना त्यांच्या तळहातावर ठेवला.