वळून न बघणारा शिपाई

“कट! याने परत मागे बघितलं!”

ओरडल्या सल्लागारबाई. दिग्दर्शकाच्याही आधी. कट म्हणायचा हक्क त्यांचा नव्हता. पण चिलखताच्या कड्यांपासून घोड्यांच्या नालांपर्यंत या सिनेमातली इतिहासाची प्रत्येक चूक त्यांनीच पकडली होती. कोण बोलणार?

प्रसंग एवढासा. शिपाई लढाईला निघतो. बायको दारात. तो गल्लीच्या टोकाला जातो. संपलं.

टेक तीन. शिपाई निघाला. टोकाला मान वळलीच.

“मानेला लगाम घाला रे त्याच्या,” आवाजवाला म्हणाला.

“बाई, मी नाही हो वळत, आपोआप होतं,” नट म्हणाला. घामाने त्याची दाढी एका बाजूने सुटली होती. “घर सोडून निघालेला माणूस एकदा तरी बघणारच ना!”

“नाही बघत. त्या काळी बघत नसत.”

“कशात लिहिलंय हे?” दिग्दर्शकाने विचारलं. चिडून नाही. बाई सांगतील आणि आपण ऐकू, या सवयीने.

बाईंनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

(सिनेमाबाहेरचं थोडं. बाईंचा नवरा भांडून निघाला, त्याला वर्षं झाली. तो जिना उतरतोय तोवर बाईंनी दार लोटलं, कडी घातली. तो परत आला नाही. खालच्या पायरीवरून त्याने वर बघितलं असेल का? नसेल. बाई रोज स्वतःची समजूत घालतात. निघालेली माणसं बघत नाहीत.)

“कशातच नाही,” बाई म्हणाल्या. “वळू दे त्याला.”

उंबऱ्यावर चहा पीत बसलेली नटी, म्हणजे शिपायाची बायको, उठली. “मग मी काय करू? दारात उभी राहू?”

“दार लावायचं,” दिग्दर्शक म्हणाला. “शत्रू वेशीपाशी असताना दारं उघडी ठेवत नसत. बाईंनीच सांगितलंय. हो ना बाई?”

“हो,” बाई म्हणाल्या. “त्याला पुरावा आहे.”

पुढचा टेक. शिपाई निघाला. मागे दार लागलं. आतून अडसर पडला, तो आवाज गल्लीभर गेला. टोकाला पोचून नट वळला. कॅमेरा त्याच्या खांद्यामागे. त्याचा हात निरोपाला अर्धा वर गेला, तिथेच थांबला, मग हळूच खाली आला. या वेळी त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

दिग्दर्शकाचं कट म्हणायचं राहून गेलं.

बाई मॉनिटरपाशी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत ते दार त्यांनी पहिल्यांदाच बाहेरून पाहिलं.