पाठ झालेला किल्ला

"मुलगा मान वळवूनसुद्धा बघेना," हेमलता नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. "बत्तिसाव्या वर्षी पाहुण्यांसमोर गेम खेळतोय."

त्र्यंबकरावांनी तिला कोपरानं गप्प केलं. त्यांची संयुक्ता चेन्नईजवळ ओरगडमला कारच्या कारखान्यात नोकरीला होती. मुलगा तिला आवडला होता, म्हणून दोघं साताऱ्याहून आली होती. आज लग्न ठरवूनच जायचं होतं.

मैलापूरच्या त्या दिवाणखान्यात प्राणेश सतरंजीवर बसून बटणं दाबत होता. तोंड टीव्हीकडे. टीव्ही जुना, गेमचा डबा त्याहून जुना, कॅसेटवर फुंकर मारल्याशिवाय सुरू न होणारा. तशी फुंकर त्यानं मारलीही, तेव्हा संयुक्ता खुदकन हसली. फोनवर महिनाभर बोलताना दोघांचं जुळलं ते या गेमवरूनच. तिच्याही लहानपणी हाच किल्ला, हाच उड्या मारणारा शिपाई. व्हिडिओवर बोलू म्हटलं की तो म्हणायचा, पहिली भेट समोरासमोरच. तिला ते गोड वाटलं होतं.

त्याची आई त्रिपुरसुंदरीबाई तंजावरी मराठीत अघळपघळ बोलत होत्या. पूर्वज झाले, सांबार मूळचं आपलंच, हेही झालं. मुलगा घरूनच काम करतो आणि फार लाजतो, एवढं मात्र त्यांनी घाईनं उरकलं. आधीची दोन स्थळं का मोडली, हे हेमलतानं विचारलं तेव्हा त्या कॉफी आणायला उठल्या. मुलाचा टंबलर त्यांनी त्याच्या बोटांना लावून दिला. "घे, कण्णा." हेमलताला ते फाजील लाड वाटले.

संयुक्ता उठली आणि मधल्या वायरी ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"हा गेम कधी बदलत नाही," प्राणेश म्हणाला. "म्हणून मला आवडतो. आता वरून दोन दगड पडतील."

टुण्ण. शिपायाची उडी. पुन्हा टुण्ण.

"आता कुठं आहे तो?" तिनं विचारलं. आवाज थोडा निराळा आला.

"पुलावर. पुढे हिरवी भिंत लागेल. तुम्ही नेहमी तिथंच मरायचात ना?"

त्र्यंबकराव टंबलरात बघत बसले. हेमलतानं काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यावर पदर धरला. त्रिपुरसुंदरीबाई पाय न वाजवता पुढे आल्या, वाकल्या, तर संयुक्तानं त्यांचा हात धरला. तिथंच थांबून त्या मानेनं नाही नाही म्हणत राहिल्या, विनवल्यासारखं.

प्राणेशला शांतता मानवली असावी. लग्नानंतर दुसरा रिमोट तुमचा, म्हणाला. तेवढ्यात विजयाची धून वाजली. त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा शाळेत पहिला आल्यासारखा.

"पाहिलंत? एकदाही मेलो नाही."

संयुक्तानं त्याच्या आईचा हात सोडला.

"मघाशी माझ्या पायानं पिवळी वायर निघाली," ती म्हणाली. "आवाज राहिला, चित्र गेलं. टीव्ही तेव्हापासून काळा आहे, प्राणेश. तुम्हाला दिसत नाही."