चोरबीटी

कौतिकाबाईच्या टोळीत निंदणाला, शेतातलं तण काढायला, अकरा बाया होत्या. गावाची शेतं निंदता निंदता तिची स्वतःची दीड एकर कपाशी मात्र दरवर्षी गवतात बुडायची. यंदा तिने गुपचूप चोरबीटीचं, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या बंदी असलेल्या कपाशीचं, बियाणं पेरलं. तणनाशक फवारल्यावर गवत तेवढं जळालं, कपाशी तशीच उभी राहिली.

सोमवारी ती टोळी घेऊन भोयरांच्या शेतावर गेली. भोयर पाठीवर पंप घेऊन फवारत होते.

“भाऊ, आमचं निंदण?” तिने विचारलं.

“तुमची मजुरी बुडू नये म्हणून आजवर मी चोरबीटी लावली नव्हती, बाई. पण दुकानात कळलं, यंदा तुम्हीच नेलं. मंग मी काहून थांबू?”

बायांच्या नजरा कौतिकाबाईकडे वळल्या. खोटं बोलता आलं असतं.

“खरं हाय. मीच पेरलं,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं वावर निंदून आल्यावर माह्या वावरात वाकाले कंबर उरत नव्हती.”

नदीपलीकडच्या गावात अजून निंदण मिळत होतं. कौतिकाबाई तिकडे चालू लागली. पूल ओलांडेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. मग वळून पाहिलं, तर सात जणी येत होत्या.