हत्तीचं मांस

“हसा म्हणे! सकाळपासून हसून जबडा दुखायला लागला,” माय मुनाशे शेजारणीच्या कानाशी कुरकुरली.

शिकारीच्या सहली ठरवून देणारा गावचाच गारिकाई फोन उंच धरून सगळ्यांना दाटीवाटीने उभं करत होता. हत्ती मारायला नामिबियात जावं की इथे झिंबाब्वेत यावं, हे टेक्सासचा पाहुणा आज ठरवणार होता. तो इथे आला तर त्याच्या पैशातून गावाला बोअरवेल मिळणार होती, नाहीतर बायकांच्या नशिबी मगरींची नदी होतीच.

“मी तुमचंच गाव निवडतोय,” पाहुणा पडद्यावरून म्हणाला आणि गारिकाईने ते गावच्या भाषेत सगळ्यांना सांगितलं. “कारण तिथे मांस वाया जात नाही, भुकेल्यांच्या पोटात जातं. गेल्या वर्षीचं आवडलं ना?”

“माना हलवा! हो म्हणा, काकू,” गारिकाई हसऱ्या तोंडाने दटावत होता. मुखिया आपल्या चपलांकडे बघत राहिला. माय मुनाशेने हातातली रिकामी बादली धाडकन खाली आपटली.


“सांग त्याला, गारिकाई! हत्ती आमच्या कुळाचं देवक आहे, आम्ही त्याला खात नाही. ते मांस आम्ही रडत रडत पुरलं, सुतक पाळलं, आणि खड्डा तूच खणलास.”