वन्स मोर बंद

“बाबाराव, पडदा उघडायच्या आधी सांगून द्या. आज वन्स मोर नाही,” विभावरी म्हणाली.

जबलपूरच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी बाबाराव नारळ फोडायला वाकले होते, ते तसेच राहिले. “काहून वैनी? वन्स मोर नाही तं संगीत नाटक कायचं? लोक गढ्याहून, रांझीहून येऊन राहिले ते त्याच्यासाठीच.”

“हॉल सातला खाली करायचा आहे ना? मग! अन् यांना सांगू नका. मी सांगते.”

ती सांगणार नव्हती. आयुष्यात इतकं सरळ तोंडानं खोटं ती पहिल्यांदाच बोलली होती.

शालिग्राम तिचा नवरा आणि नाटकाचा नायक. वर्षभर फॅक्टरीत लेथ चालवायचा आणि गणपतीत ‘संगीत चिठ्ठीचा घोळ’मधला बावीस वर्षांचा प्रेमवीर व्हायचा. आता बावन्नचा झाला होता. मिशी काळी करावी लागायची, पोट आवळायला पट्टा लागायचा. पण गायला लागला, की पहिल्या रांगेतल्या आजीबाईसुद्धा पदर सावरून बसायच्या!

आणि बुधवारी नागपूरला त्याचं ऑपरेशन होतं. गळ्यातली गाठ वाईट निघाली होती. जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तोवर गळ्याला ताण देऊ नका, रक्त येईल, असंही बजावलं होतं. शुक्रवारच्या तालमीनंतर ते आलंच. शालिग्रामनं रुमाल लपवला, तो तिला धुण्यात सापडला.

घरात भांडण झालं, रडणं झालं. हसायचं नाटक आहे, लोकांना यातलं काही कळता कामा नये, यावर तो अडून बसला. शेवटी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. एकेक पद एकदाच म्हणीन. वन्स मोर आला तरी हात जोडून पुढं जाईन. तिनं मान डोलावली आणि मनात म्हणाली, लबाड कुठला! बावीस वर्षांत या माणसानं एकही वन्स मोर रिकामा परत पाठवला नव्हता. म्हणून मग तिनं बाबारावांना गाठलं.

तिसरी घंटा झाली. बाबारावांनी पडद्यापुढं येऊन सूचना सांगितली. लोक कुरकुरले, पण जबलपूरची मराठी माणसं, सेक्रेटरीचं ऐकतात. शालिग्राम तेव्हा मागच्या खोलीत मिशी काळी करून घेत होता, त्याच्या कानावर काही गेलं नाही.

नाटक रंगलं. नायकानं नायिकेला लिहिलेली चिठ्ठी तिच्या आत्याच्या हाती पडते आणि आत्याबाई नटूनथटून बागेत हजर होतात. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. नायिका झालेली ज्योती इथंच हिंदी शाळेत शिकलेली. “नाथ, मी केव्हाची तुमची वाट बघून राहिली!” असं ती पुस्तकातलं वाक्य सोडून बोलली, तेव्हा तर लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. हसत नव्हती ती एकटी विभावरी. रंगमंचाला लागून, प्रेक्षकांकडे पाठ करून ती ऑर्गनवर बसली होती आणि नवऱ्याचा श्वास ऐकत होती. पहिलं पद पार पडलं. दुसरंही पार पडलं. देवा नर्मदामाई, एक राहिलं, तेवढं निभावून ने.

तिसरं पद सगळ्यांच्या आवडीचं. आधीच्या दोन पदांना वन्स मोर कधी यायचा, कधी नाही, पण याला दरवर्षी यायचाच. ‘कुणास लिहिली, कुणा मिळाली, चिठ्ठी माझी भोळी.’ शालिग्रामनं ते हळूच उचललं. आवाज थोडा खरखरीत होता, पण त्या खरखरीनं ते गाणं वेगळंच लागत होतं, आतवर जात होतं. शेवटची तान त्यानं अलगद आणून समेवर ठेवली. टाळ्या पडल्या आणि थांबल्या.

पद संपलं, की नायकानं जागचं हलायचं नाही आणि ऑर्गनवालीनं सूर सोडायचा नाही, ही मंडळाची जुनी रीत. कारण वन्स मोर आला, तर तिथूनच पुन्हा उचलायचं असतं. शालिग्राम हातात चिठ्ठी धरून उभा राहिला. विभावरीनं सूर धरला. हॉल गप्प. लोक शहाण्यासारखे सूचना पाळत होते.

मिशीखालचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं, मागं पाहिलं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. प्रत्येक प्रयोगानंतर घरी चपला काढता काढता तो तसाच बघायचा आणि विचारायचा, “कसं झालं?” आणि ती दरवेळी सांगायची, “अंतऱ्यात घाई केली.” बावीस वर्षांत ती याच्यापुढं गेली नव्हती. म्हटलं, लोक आहेत की कौतुक करायला.

आता लोकही नव्हते. तिनंच त्यांची तोंडं बंद केली होती. उद्या सकाळच्या बसनं हा माणूस नागपूरला जाणार आणि आपलं शेवटचं गाणं पडलं, हे मनात घेऊन त्या टेबलावर निजणार.

पुढचं वाक्य ज्योतीचं होतं. विभावरीनं सूर सोडला, की ते ती बोलणार होती. ज्योती वाट बघत होती. शालिग्रामनं चिठ्ठीची घडी घातली आणि ती खिशाकडे नेली.

विभावरीनं सूर सोडला नाही. डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू देत, प्रेक्षकांकडे पाठ असलेली ती बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली, “वन्स मोर!”