पॉलीवर एक जागा

“दोन मोठ्यांची, एक कुत्र्याचं.” हिल्डानं जाड पुठ्ठ्याची तिकिटं एकेक करून तारखेच्या यंत्रात सारली. खटक, खटक, खटक. खिडकीबाहेरच्या बाईंनी कुत्र्याचं तिकीट कुत्र्यालाच हुंगायला दिलं.

“गेल्या वर्षी इथे एक गृहस्थ बसायचे,” बाई म्हणाल्या. “कुत्र्याचं तिकीट नाही म्हणून आम्हाला डब्यातून खाली उतरवलं होतं त्यांनी.”

“तो माझा नवरा. क्लिफर्ड.”

बाई ओशाळल्या. “नाही, म्हणजे तसे प्रेमळ होते हो. आज दिसत नाहीत?”

“आहे ना, इथेच आहे. पण आज खिडकी माझ्याकडे. तो इंजिनावर जाणार आहे.”

“अरे वा! मग मजा आहे त्यांची.”

“मजा कसली, जन्माचा हट्ट आहे तो!”

हट्ट खराच होता. हॅदरडेलची ही बंद पडलेली रेल्वे गावच्या हौशी मंडळींनी पुन्हा रुळांवर आणली, तेव्हापासून क्लिफर्ड इथे बिनपगारी राबला, आणि तोही फक्त पॉलीसाठी. पॉली म्हणजे इथलं कोळशाचं इंजिन. पण ऐन वेळी त्याची छाती आडवी आली. धुराच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि मंडळींनी त्याला तिकीटखिडकीत बसवलं. बसला बिचारा, पण सगळा राग बिनतिकीट माणसांवर काढला. ड्रायव्हर जोसीची आई एकदा लेकीची विसरलेली न्याहारी द्यायला आली, तर तिलासुद्धा त्यानं आधी प्लॅटफॉर्मचं तिकीट काढायला लावलं. एवढा कडक माणूस. पण बाहेर पॉलीनं शिटी दिली की त्याचा हात आपोआप वर जायचा आणि हवेतच शिटीची साखळी ओढायचा. हिल्डाला ते बघून हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

आज हंगामाचा पहिला शनिवार होता. येताना बसमध्ये तिनं त्याला सगळा बेत पुन्हा एकदा समजावला होता.

मागचं दार ढकलून स्टेशनमास्तर ऑर्मरॉड आत आले. “हिल्डा, बेत पक्का म्हणायचा का?”

“पक्का.”

“नियमात बसत नाही हो. इंजिनावर ड्रायव्हर आणि कोळसा टाकणारा फायरमन. तिसरं कोणी नाही.”

“डॉक्टरांची हरकत होती, ती मिटली. आता आडवे यायला तुम्ही एकटेच उरलात.”

“पण पॅसेंजरांच्या लक्षात आलं तर?”

“काय लक्षात येणार? गडबड करायचा नाही तो. सकाळपासून एक शब्द काढलेला नाही त्यानं.”

“क्लिफर्ड, आणि गप्प!” ऑर्मरॉड हसायला गेले आणि रुमाल काढून नाक शिंकरू लागले. मग, काहीतरी करायचं म्हणून, त्यांचा हात काउंटरवरच्या बिस्किटांच्या डब्याकडे गेला.

हिल्डानं हातावर चापटी मारली. “हात नका लावू. तो जोसीकडे द्यायचाय.”

त्यांनी हात झटकन मागे घेतला. “मी वर ऑफिसात जाऊन बसतो,” ते म्हणाले. “तिथून मला प्लॅटफॉर्म दिसत नाही.” त्यांनी टोपी काढली आणि ती हातात धरूनच जिना चढले.

थोड्या वेळानं जोसीचा काळवंडलेला चेहरा खिडकीत आला. “हिल्डाआंटी, वाफ धरलीय. अंकलना नेऊ?”

“थांब. बिनतिकीट सोडलं त्याला, तर मला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.”

समोरच्या फळीवर तिकिटांचे दोन गठ्ठे होते. परतीच्या तिकिटांचा गठ्ठा हाताळून गुळगुळीत झालेला. एकेरी तिकिटांवर धूळ, कारण वरचं स्टेशन उजाड माळावर. तिथे ना रस्ता, ना घर. जो जातो तो आल्या गाडीनंच परततो. हिल्डाचा हात दोन्हींच्या मध्येच अडकला. दिवसभरात तिला भीती होती ती एवढ्याच क्षणाची. आत्ता नाही म्हटलं, तर क्लिफर्डला आपल्याबरोबर घरी नेता येईल. शेगडीजवळ, नेहमीच्या जागी.

मग तिनं वरचं धुळीचं तिकीट काढलं, फुंकलं आणि यंत्रात घातलं. पर्समधले पैसे काढून गल्ल्यात टाकले.

“एकेरी?” जोसीनं हळूच विचारलं.

“एकेरीच. तिथेच रमेल तो. इतकी वर्षं अडवून धरलं, आता पुरे.” तिनं तिकीट आणि डबा दोन्ही खिडकीतून पुढे केलं. “माळाच्या चढावर गेल्यावर. आधी नको. आणि सांभाळून ने गं त्याला.”

“तुम्हीपण चला ना, आंटी.”

“गाडी सुटेपर्यंत खिडकी सोडायची नाही. त्याचाच नियम आहे.”

गाडी सुटली. हिल्डा स्टुलावर बसून कान देऊन ऐकत राहिली. पॉली धापा टाकत चढाला लागली, आणि मग माळावरून शिटी आली. लांबलचक, हट्टानं कोणीतरी साखळी धरून ठेवावी तशी. हिल्डाचा हात आपोआप वर गेला.

गाडी परत आल्यावर कुत्रेवाल्या बाई मुद्दाम खिडकीशी आल्या. “अहो, तुमचे मिस्टर काही भेटले नाहीत. आम्ही इंजिनापर्यंत जाऊन आलो, तर तिथे दोघंच होते.”

“जाऊन पोचला असेल,” हिल्डा म्हणाली.

बाई गोंधळून गेल्या, आणि मागून जोसी डबा परत घेऊन आली. तिच्या काजळीभरल्या गालांवर दोन स्वच्छ रेघा होत्या. “चढावर भट्टीचं दार उघडलं, आंटी. एका झोतात चिमणीतून वर गेले.”

हिल्डानं बिस्किटांच्या डब्याचं झाकण काढून पाहिलं. क्लिफर्डची चिमूटभरही राख आत उरली नव्हती.